बरे करून सोपवायचे कुणाकडे?

१९६३ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात, एका एकतीस वर्षांच्या अविवाहित बाईने आठ हजार डॉलरचे कर्ज काढले. तिच्या वर्षभराच्या पगाराएवढी ती रक्कम होती. कर्ज घरासाठी नव्हते, मोटारीसाठी नव्हते, घरातल्या कुणाच्या आजारपणासाठीही नव्हते. आफ्रिकेत जाऊन तिथले प्राणी, विशेषतः डोंगरातले गोरिला पाहून यावेत, एवढ्यासाठी ते होते. माझे सारे नोकरीचे आयुष्य बँकेत गेले. कर्जाच्या अर्जावरचा ‘कारण’ हा रकाना मी हजारो वेळा वाचला. विहीर, ऑइल इंजिन, दुभती म्हैस, मुलीचे लग्न, दुकानाचा विस्तार. पण असले कारण कधी वाचल्याचे आठवत नाही. आणि तरीही मला वाटते की कर्जाच्या पैशाचा एवढा मोठा परतावा जगाला क्वचितच कधी मिळाला असेल.

त्या बाईचे नाव डायान फॉसी. तिच्या आयुष्यावरचा ‘गोरिलाज इन द मिस्ट’ हा १९८८ सालचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. गोरिलांसाठी जगलेली आणि गोरिलांसाठीच मारली गेलेली बाई, एवढे तर सर्वांना ठाऊक असते. पण तिच्या चरित्रातली जी गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते ती तिच्या खुनाची नाही. १९६९ साली तिने दोन जखमी, हाडाडलेली पिले मरणाच्या दारातून ओढून आणली, आणि मग ज्यांच्यामुळे ती त्या दारापर्यंत गेली होती त्यांच्याच हाती तिला ती परत द्यावी लागली, ही ती गोष्ट. मुक्या जनावराची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी जो प्रश्न उभा राहतो, तो तिच्यापुढे फार क्रूर रूपात उभा राहिला.

डायानचा जन्म १६ जानेवारी १९३२ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. ती लहान असतानाच आईवडिलांचा काडीमोड झाला. आईने दुसरे लग्न केले. सावत्र वडील पैसेवाले, पण शिस्तीचे. दहा वर्षांची होईपर्यंत या मुलीला मोठ्यांच्या पंगतीला बसायची परवानगी नव्हती. तिचे जेवण स्वयंपाकघरात, घरकाम करणाऱ्या बाईसोबत. पाळायला मिळाला तो फक्त एक सोनेरी मासा. तो मेला तेव्हा ती कित्येक दिवस रडली, आणि त्यानंतर दुसरा प्राणी घरात आला नाही. तिला घोड्यांचे वेड होते. जनावरांची डॉक्टर व्हावे म्हणून तिने त्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतला, पण रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांनी दगा दिला. मग १९५४ साली तिने ‘ऑक्युपेशनल थेरपी’ची पदवी घेतली आणि पुढे लुईव्हिलच्या एका अपंग मुलांच्या रुग्णालयात त्या विभागाची प्रमुख झाली.

हा विषय म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. पोलिओने किंवा अपघाताने ज्या मुलाच्या हातातली शक्ती गेली आहे त्याला चमचा धरायला, सदऱ्याचे बटण लावायला, आपले आपण उठून बसायला पुन्हा शिकवायचे. औषध डॉक्टर देतो, जखम सर्जन शिवतो. पण पोर घरी जाऊन जगू शकेल की नाही, हे या बाईंच्या चिकाटीवर ठरते. तिथे मूल कायमचे ठेवून घ्यायचे नसते. ज्या दिवशी ते आपल्या पायांनी घरी जाईल तो दिवस यशाचा. डायानने हे काम जवळजवळ दहा वर्षे केले. डोंगरावरच्या लाकडी खोपटात तिला पुढे जे करावे लागले, त्याची तालीम इथे झाली.

कर्ज काढून ती आफ्रिकेला गेली. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत डॉ. लुई लीकी आदिमानवाचे अवशेष शोधत होते. त्यांना भेटायला गेली आणि उतारावरून घसरून नुकत्याच उकरलेल्या एका जीवाश्मावर पडली. घोटा मुरगळला. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. ही लंगडत, काठी टेकत, दोन आठवड्यांनी काँगोच्या बाजूने विरुंगाच्या डोंगरात काबारापर्यंत चढली आणि तिने पहिल्यांदा गोरिला पाहिले. सुट्टी संपली, ती परत रुग्णालयात रुजू झाली, कर्ज फेडत राहिली. १९६६ साली लीकींचे लुईव्हिलमध्ये व्याख्यान झाले. तिथे ती त्यांना पुन्हा भेटली. गोरिलांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे माणूस त्यांना हवेच होते. एवढ्या दूर रानात जायचे तर आधी अपेंडिक्स काढून घ्यावे, असे त्यांनी सुचवले. तिने ते खरेच काढून घेतले. मग त्यांचे पत्र आले की तसे आवश्यक नव्हते, तिची तयारी किती आहे ते पाहायचे होते.

१९६७ च्या जानेवारीत तिने काबाराला तंबू ठोकला. जुलैमध्ये काँगोत बंडाळी झाली, सैनिकांनी तिला डोंगरावरून खाली आणून अडकवून ठेवले. ती शिताफीने निसटून युगांडात पोचली. बहुतेकांनी इथे विमानाचे तिकीट काढले असते. तिने डोंगराची दुसरी बाजू धरली. २४ सप्टेंबर १९६७ रोजी रवांडाच्या हद्दीत, कारिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या मधल्या खिंडीत, सुमारे दहा हजार फूट उंचीवर तिने नवी छावणी उभारली. एका डोंगराच्या नावाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याच्या नावाचा मागचा भाग जोडून तिचे नाव ठेवले कारिसोके. सतत धुके, पाऊस, चिखल, अंगभर खाजरीचे फोड. वर दम्यासारखा फुप्फुसांचा विकार आणि सिगारेटची सवय. अशा ठिकाणी तिने पुढची अठरा वर्षे, मधला काही काळ सोडल्यास, काढली.

१९६९ सालच्या आरंभी तिला खबर लागली की खाली रुहेंगेरी गावात एका पिंजऱ्यात गोरिलाचे पिलू आहे. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या प्राणिसंग्रहालयाला डोंगरी गोरिला हवे होते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यानेच शिकाऱ्यांना ते काम दिले होते. गोरिलाचे पिलू पकडणे म्हणजे पाखराचे पिलू घरट्यातून उचलणे नव्हे. कळपातला प्रत्येक मोठा प्राणी पिलासाठी मरेपर्यंत लढतो. या एका पिलापायी त्याचा जवळजवळ सारा कळप कापला गेला होता. पिलाला तारेने बांबूला बांधून खाली आणलेले, त्या तारेच्या जखमा हातापायांत चिघळलेल्या. पोटात पुरेसे अन्न नाही, अंगात ताप, हाडे वर आलेली. ते मरायला टेकले तेव्हा अधिकाऱ्याला डायानची आठवण झाली. मेलेल्या पिलाला कोलोन काय किंमत देणार?

डायानने पिलू वर आणले. त्याचे नाव कोको. दोन खोल्यांच्या खोपटातली एक खोली तिने सामान काढून रिकामी केली, जमिनीवर रानातला ताजा पाला अंथरला, लहान झाडे आणून उभी केली. पेटी उघडल्यावर पिलू बाहेर आले आणि खिडकीपाशी चढून बसले. बाहेर समोर विसोकेचा हिरवा उतार. ते त्या उताराकडे बघत राहिले आणि रडू लागले. डोळ्यांतून पाणी गळत होते. डायानने पुढे लिहून ठेवले आहे की गोरिलाच्या डोळ्यांत असे अश्रू तिने त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिले नाहीत. प्राण्यांवर माणसाच्या भावना लादू नयेत, हे मला मान्य आहे. पण ज्या उतारावर आपण जन्मलो तो खिडकीतून दिसत असताना पेटीतून बाहेर आलेल्या जिवाला काय झाले असेल, याचा अंदाज करायला शास्त्राची पदवी लागत नाही.

मग सुरू झाली शुश्रूषा. दर थोड्या वेळाने बाळासाठी करतात तसे पावडरीचे दूध. जंतुनाशक औषध केळ्यात दडवून द्यायचे. पण दूध आणि केळी हे गोरिलाचे खाणे नव्हे. तो पाला खाणारा प्राणी, आणि त्याचे पोट त्याच पाल्याचे ओळखीचे. म्हणून माणसे रोज रानात जाऊन काटेरी थिसल, रानातली सेलरी, गॅलियमची वेल, ब्लॅकबेरी असले काय काय भारे बांधून आणत. रात्री पिलाला ऊब लागते, नाहीतर ते खचते. रानात ते आईच्या अंगाला चिकटून झोपते. म्हणून डायान त्याला आपल्या अंथरुणात घेऊन झोपे. जुलाबांनी अंथरूण भरून जाई. तिच्या स्वयंपाक्याने तर स्पष्ट सांगून टाकले की आपण गोऱ्या लोकांचे जेवण रांधायला आलो आहोत, जनावरांचे नाही. दूध तिने स्वतःच करायला घेतले.

कोको जरा सावरतो न सावरतो तोच दुसरे पिलू आले. त्याचे नाव पकर. त्याच्यासाठी दुसरा कळप मारला गेला होता. दोन्ही पिलांपायी मेलेल्या मोठ्या गोरिलांची संख्या अठराच्या घरात जाते. पकरची अवस्था कोकोहून वाईट. जखमा पिकलेल्या, आणि माणूस जवळ आला की अंग आखडून घ्यायचे. त्याचे माणसाबद्दलचे मत चुकीचे होते असे कोण म्हणेल? पण तिथे कोको होता. एका पिलाला दुसऱ्याची सोबत मिळाली. एकाने खाल्लेले बघून दुसरे खाऊ लागले. हळूहळू दोन्ही पिलांनी खोलीची दुर्दशा करण्याइतके अंग धरले. डायान त्यांना घेऊन रानात हिंडू लागली. ती झाडांवर चढत, पाला ओरबाडून खात, थकली की तिच्या अंगावर चढून बसत. समाधानाने खाताना गोरिला घशातून जो खोल आवाज काढतो तो तिला या पिलांनी इतक्या जवळून शिकवला की पुढे रानातल्या मोठ्या गोरिलांजवळ जाताना तिला त्याचा उपयोग झाला. शुश्रूषा करणारी शिकवत होती तशी शिकतही होती. या दोघांबरोबरचे तिचे छायाचित्र जानेवारी १९७० च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि ती जगाला माहीत झाली.

पण ते मासिक लोकांच्या हाती पडण्याच्या कितीतरी आधीच खोली रिकामी झाली होती. पिले धडधाकट झाल्याचे कळताच अधिकारी त्यांना न्यायला आला. त्यांना एखाद्या कळपात सोडून पाहावे असे डायानच्या मनात होते. तिने विरोध केला, पत्रे लिहिली, विनवण्या केल्या. त्याचे उत्तर साधे होते. ही दोन देत नसाल तर शिकारी पुन्हा रानात पाठवू आणि दुसरी दोन आणवू. आता काय करायचे? दोन पिलांना वाचवायचे तर आणखी दोन कळपांचे मरण पत्करायचे. तिने पिले दिली. दोन महिने रात्रंदिवस केलेल्या सेवेचे फळ असे की आता त्यांना लांबचा प्रवास झेपणार होता. पेटी निघाली तेव्हा ती तिथे थांबू शकली नाही. ज्या कुरणातून ती पिलांना घेऊन हिंडत असे त्यातून ती पळत सुटली आणि दम संपेपर्यंत रानात पळत राहिली.

कोको आणि पकर कोलोनच्या प्राणिसंग्रहालयात नऊ वर्षे जगली. १९७८ साली महिनाभराच्या अंतराने दोघेही मेली.

याच १९६९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. राष्ट्रीय उद्यानाची सुमारे बावीस हजार एकर जमीन तोडून तिथे पायरेथ्रम नावाच्या फुलांची लागवड करण्यात आली. किडे मारण्याची औषधे या फुलांपासून होतात आणि त्यांचे ग्राहक परदेशात होते. गोरिलांचे घर आक्रसले. खाली इंचइंच जमिनीसाठी धडपडणारी गरीब माणसे, वर आक्रसत चाललेले रान. त्या माणसांनी हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत गोरिलांचे हातपाय अडकत. डायानच्या कामाची ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी. डिजिट नावाचा एक तरुण नर तिचा फार लाडका होता. ३१ डिसेंबर १९७७ रोजी कळप वाचवताना शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारले, त्याचे डोके आणि हात कापून नेले. त्यानंतर ती अधिकच कठोर झाली. फासे तोडणे, गस्ती घालणे हे योग्यच होते. पण पकडलेल्या शिकाऱ्यांना खाजरीने झोडणे, त्यांच्या झोपड्या जाळणे, एकदा तर एका शिकाऱ्याच्या लहान मुलाला धरून ठेवणे, हे तिने केले आणि त्याचे समर्थन करता येत नाही. ज्या हातांनी अपंग मुलांना चमचा धरायला शिकवले त्याच हातांनी हे केले. दुसऱ्याच्या पिलाची वेदना जिला इतकी कळत होती, तिला डोंगराखालच्या माणसाचे पोर त्या रागात दिसले नाही.

मात्र शुश्रूषेची आणखी एक संधी तिला मिळायची होती. १ जानेवारी १९८० रोजी शिकाऱ्यांकडून सोडवलेले एक आजारी पिलू तिच्याकडे आणण्यात आले. तो दिवस नववर्षाचा, म्हणून फ्रेंचमधल्या नववर्षाच्या शुभेच्छांचेच नाव तिला दिले, बॉनअने. पुन्हा तीच खोली, तोच पाला, तेच दूध. पण या वेळी हे पिलू रानात जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. दोनेक महिन्यांत ते सावरले तेव्हा त्याला एका कळपाजवळ नेण्यात आले. तिथल्या माद्यांनी त्याला स्वीकारले नाही, उलट अंगावर धावून चावे घेतले. बरोबरच्या तरुणांनी मोठ्या हिकमतीने त्याला सोडवून आणले. मग दुसऱ्या कळपाकडे नेले. त्यात सगळे नरच होते. आणि त्या धिप्पाड नरांनी या अनाथ पोरीला आपली मानले. सुमारे वर्षभर ती त्यांच्यात राहिली, मग पावसाळी हवेत न्यूमोनियाने गेली.

एकच वर्ष! कोलोनमध्ये कोको आणि पकर नऊ वर्षे जगली, ही जेमतेम एक. हिशेब करणाऱ्याला वाटेल की पिंजरा बरा. माझे आयुष्य आकड्यांत गेले, तरी हा हिशेब मला असा मांडता येत नाही. बँकेत ग्राहक एखादी वस्तू सुरक्षित ठेवायला देतो. ती आपण जपतो, कुलपात ठेवतो, पण ती आपली नसते. ज्याची त्याला जशीच्या तशी परत करणे, एवढेच आपले काम. जखमी वन्य प्राणी ही रानाची अशीच ठेव आहे. त्याला बरे करणे हे निम्मे काम. तो ज्याचा आहे त्याच्याकडे पोचवणे हे उरलेले निम्मे, आणि ते अधिक अवघड. कारण तोवर आपला जीव त्याच्यात गुंतलेला असतो. १९६९ मध्ये डायानला ठेव भलत्याच माणसाच्या हाती द्यावी लागली. १९८० मध्ये ती खऱ्या धन्याकडे पोचली. मधल्या अकरा वर्षांत पिलांचे औषध फारसे बदलले नव्हते. फरक पडला तो बरे झाल्यावर पिलू कुठे जाणार, यात.

डायानने १९८३ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ती डोंगरावर परतली. डिसेंबर १९८५ च्या अखेरीस एका रात्री तिच्या खोपटात शिरून कुणीतरी तिचा खून केला. तिच्या एका अमेरिकन सहायकाला रवांडाच्या न्यायालयाने गैरहजेरीत दोषी ठरवले, पण तो निकाल अनेकांना पटला नाही. मेलेल्या गोरिलांसाठी तिने छावणीत जे दफनस्थान केले होते तिथेच, डिजिटच्या शेजारी, तिला पुरले. १९९४ च्या नरसंहाराच्या धामधुमीत कारिसोकेची खोपटी नष्ट झाली.

काम मात्र नष्ट झाले नाही. १९८१ च्या गणनेत विरुंगात २५४ गोरिला उरले होते. २०१६ च्या गणनेत तिथे ६०४ भरले. युगांडातल्या ब्विंडीचे धरून डोंगरी गोरिलांची एकूण संख्या आता हजाराच्या पुढे आहे. आज जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात डोंगरी गोरिला नाही. माणसाची सर्दीसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते हे आता पुरते कळले आहे. म्हणून बघायला जाणाऱ्यांना सात ते दहा मीटर लांब उभे राहावे लागते. पिलाला कुशीत घेऊन झोपण्याचे दिवस रानापुरते तरी गेले.

१९८६ साली, तिच्या मृत्यूनंतर लगेच, गोरिलांसाठी पशुवैद्यांचे एक पथक डोंगरात सुरू झाले. असे पथक हवे, अशी तिचीच इच्छा होती. हे डॉक्टर आजारी गोरिलाला शक्य तोवर दवाखान्यात आणत नाहीत. दुखणे जीवघेणे असेल किंवा माणसामुळे झालेले असेल तरच ते हात घालतात. फाशात अडकलेला प्राणी दिसला की लांबून भुलीची सुई मारतात, तार कापतात, जखम धुतात, औषध देतात आणि मागे सरतात. मग ते झाडीआड उभे राहून वाट बघतात. प्राणी डोळे उघडतो, उठतो, जरासा लंगडत आपल्या कळपाच्या दिशेने चालू लागतो. तो कळपात मिसळला, हे दिसल्यावरच ते डोंगर उतरतात.